ओव्हरसीज टेरिटरीच्या डेस्कसाठी अर्थसल्लागार: अर्धवेळ, कंत्राटी की बेटावरच?

काठावरचा (मूळ प्रश्न)

ब्रिटनच्या एका लहान ओव्हरसीज टेरिटरीचं (ब्रिटनच्या अखत्यारीतल्या समुद्रापारच्या प्रदेशाचं) काम लंडनमधून बघणारी चार-पाच जणांची टीम आहे. बेट, वस्ती पाच हजारांच्या आत. स्वतःच्या महसुलात खर्च भागत नाही, म्हणून दरवर्षी अंदाजपत्रकाला लंडनकडून रोख मदत जाते. टीममध्ये सगळे धोरणवाले, अर्थतज्ज्ञ एकही नाही. आजवरची पद्धत अशी: आकड्यांचं काही आलं की शेजारच्या विभागातल्या अर्थतज्ज्ञाला फाईल पाठवायची आणि "जरा नजर टाका" म्हणायचं. तो भला माणूस संध्याकाळपर्यंत चार ओळी लिहून देतो आणि त्या चार ओळींवर लाखो पौंडांचा निर्णय होतो.

पुढच्या वर्षात तीन मोठी कामं आहेत. मदतीच्या रकमेची वाटाघाट, मालवाहू जहाजाच्या सबसिडीचं नूतनीकरण आणि बंदरातल्या धक्क्याच्या दुरुस्तीची बिझनेस केस (खर्च का करावा याची आकड्यांसह मांडणी). पर्यायही तीनच दिसतात: खात्यातल्या अर्थतज्ज्ञाचा आठवड्यातला एक दिवस मागून घेणं, बाहेरच्या सल्लागाराशी कंत्राट करणं, किंवा बेटाच्या वित्त खात्यात आपल्या पैशातून एक माणूस बसवणं. तिसऱ्यात एका दगडात दोन पक्षी मरतील असं वरिष्ठांना वाटतं. बेटालाही मदत आणि आपल्यालाही आतली माहिती.

किती दिवस लागतात, माणूस कुणाच्या हाताखाली असावा, कार्यकक्षेत काय लिहावं आणि कुठे फसतं, हे जाणकारांनी सांगावं.

ताळेबंद

तिसऱ्या पर्यायातला दुसरा पक्षी विसरा.

बेटाच्या वित्त खात्यात बसलेला सल्लागार, पगार कुणीही देवो, बेट सरकारचा माणूस असतो. त्याची टिपणं तिथल्या फायनान्शियल सेक्रेटरीच्या फाईलवर जातात. बेटाची मागणी नीट, पटेल अशी आणि जमेल तितकी भक्कम मांडणं हेच त्याचं काम. त्याला लंडनहून फोन करून "किती कमीवर तयार होतील?" असं एकदा जरी विचारलं, तरी तिथल्या लोकांना ते कळतं. छोट्या बेटावर काहीच लपत नाही. मग पुढच्या वर्षीपासून त्याला खरे आकडे दाखवणं बंद होतं आणि तुमचा माणूस दोन्हीकडून निकामी होतो. बेटाला गरज असेल तर जरूर माणूस द्या, पण त्याला तुमच्या सल्ल्याच्या व्यवस्थेत धरू नका.

भूमिका तीन आहेत: मागणाऱ्याचा सल्लागार, देणाऱ्याचा सल्लागार आणि दोघांचे आकडे तपासणारा त्रयस्थ. यातल्या कुठल्याही दोन एका माणसाकडे देऊ नका. लहान डेस्कवर तिसरी भूमिका बहुतेक वेळा गळते, कारण ती कुणालाच आपली वाटत नाही.

आता दिवस. वर्षाचे कामाचे दिवस २२० धरा. आठवड्याला एक म्हणजे ४४. वाटाघाटीआधी आकडे मागवणं, तपासणं, मागच्या वर्षाशी जुळवणं यात १५ जातात. मिशनबरोबरचा (आकडे तपासायला बेटावर जाणाऱ्या लंडनच्या पथकाबरोबरचा) प्रवास आणि बेटावरचं काम १०. परतल्यावर मंत्र्यांसाठी टिपण आणि मंजुरीपत्राचा मसुदा ८. झाले ३३. सबसिडी आणि धक्का यांना प्रत्येकी किमान ६. एकूण ४५, म्हणजे "आज दुपारपर्यंत हवंय" छापाच्या कामाला शून्य, उलट एक दिवस उधार. तेव्हा ०.३ पद (पूर्णवेळ पदाच्या ३० टक्के) मागा, ६६ दिवस होतात. आणि करारात "आठवड्याला दीड दिवस" असं न लिहिता "वर्षाला ६६ दिवस" लिहा. काम सारख्या प्रवाहाने येत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आठवड्याला तीन-चार दिवस लागतील आणि मे-जूनमध्ये माणूस रिकामा असेल. आठवड्याच्या हिशोबाने घेतलात तर जूनचे दिवस वाया जातात आणि जानेवारीत त्याचा मूळ विभाग त्याला सोडत नाही.

वेळापत्रक उलटीकडून मांडा. सेंट हेलिना आणि मॉन्टसेराट या मदत घेणाऱ्या दोन्ही टेरिटरींचं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. तुमचंही तसंच असेल तर मंजुरीपत्र मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात हातात हवं, म्हणजे बेटाच्या विधिमंडळात अंदाजपत्रक वेळेवर जाईल. त्यासाठी मंत्र्यांचा निर्णय फेब्रुवारीत, मिशन नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आणि आकड्यांचं मागणीपत्र सप्टेंबरात. म्हणजे माणूस जुलै-ऑगस्टमध्येच रुजू व्हायला हवा. ऑक्टोबरात घेतलेला अर्थतज्ज्ञ त्या वर्षी फक्त इतरांच्या आकड्यांवर सही करतो.

मागणीपत्रात अंदाज मागू नका, मागच्या तीन वर्षांचा प्रत्यक्ष खर्च मागा, लेखाशीर्षवार. महिनाअखेरची रोख शिल्लक. थकबाकी, देणी-येणी दोन्ही, किती जुनी त्यासह. आणि पदांची यादी, रिकाम्या पदांसकट. ही शेवटची सगळ्यात उपयोगी. लहान बेटांवर माणसं मिळत नाहीत, पण अंदाजपत्रकात पदाचा पूर्ण पगार धरलेला असतो. समजा ४० पदं रिकामी आणि सरासरी खर्च १२,००० पौंड, तर ४.८ लाख पौंडांची गादी तयार आहे. ती वाईट आहे असं नाही, बेटाला आकस्मिक खर्चासाठी काहीतरी लागतंच. पण ती उघड असावी, नाहीतर एकीकडे गादी आणि दुसरीकडे "आकस्मिक निधी" अशी दोनदा तरतूद होते.

रुग्णांना बाहेरच्या देशात उपचारांना पाठवण्याचा खर्च वेगळा काढा. पाच हजारांच्या वस्तीत दोन-तीन गंभीर रुग्ण आणि एखादं एअर अँब्युलन्स उड्डाण वर्षाचा आकडा उलटापालटा करतं. मागच्या वर्षाचा आकडा अधिक महागाई असा हिशोब इथे चालत नाही. पाच वर्षांची सरासरी घ्या आणि तिच्या वर जाणाऱ्या खर्चाचं काय करायचं ते मंजुरीपत्रात आधीच लिहून ठेवा.

हाताखाली कुणाच्या: रोजचं काम डेस्कप्रमुख देईल, पण कामाचं मूल्यमापन अर्थतज्ज्ञांच्या मुख्याकडे राहू द्या. ब्रिटनच्या सरकारी सेवेत गव्हर्नमेंट इकॉनॉमिक सर्व्हिस या सरकारी अर्थतज्ज्ञांच्या सेवेची ही दुहेरी चौकट तयारच आहे, ती वापरा. नाहीतर ज्या डेस्कप्रमुखाला प्रकल्प पुढे रेटायचाय तोच सल्लागाराची बढती ठरवतो. त्यातून कसा सल्ला निघतो ते सांगायला नको.

आणि एक छोटी पण कामाची अट: मंत्र्यांकडे जाणाऱ्या सबमिशनमधला अर्थशास्त्रीय परिच्छेद अर्थतज्ज्ञानेच शेवटचा वाचलेला असावा. "फायदा होण्याची शक्यता आहे, परंतु..." मधला "परंतु" पाचव्या मसुद्यात गळतो. कुणी मुद्दाम काढत नाही, जागा कमी पडते.

भरतीओहोटी

वरचं जवळपास सगळं पटलं, एक सोडून. एकाच डेस्कसाठी ०.३ माणूस घेण्यापेक्षा चार-पाच टेरिटरींच्या डेस्कांनी मिळून एक पूर्णवेळ अर्थतज्ज्ञ घ्यावा. लहान बेटांचं अर्थशास्त्र ही वेगळीच जात आहे. मोठ्या देशांवर काम केलेला हुशार माणूसही पहिलं वर्ष चुकीचेच प्रश्न विचारण्यात घालवतो.

मात्र सगळ्या टेरिटरी एका मापाने मोजता येत नाहीत, हे त्या माणसाला पहिल्या दिवशी सांगा. चलनच बघा. सेंट हेलिनाचा स्वतःचा पौंड ब्रिटनच्या पौंड स्टर्लिंगला एकास एक बांधलेला. मॉन्टसेराट आणि अँग्विला ईस्टर्न कॅरिबियन (ईसी) डॉलर वापरतात, तो १९७६ पासून एका अमेरिकी डॉलरला २.७० या दराने बांधलाय. पिटकेर्नवर न्यूझीलंड डॉलर चालतो. आता समजा, मॉन्टसेराटसारख्या ठिकाणी २ कोटी पौंड मदत ठरली. पौंड दीड डॉलरला असताना ती ८.१ कोटी ईसी डॉलर होते. जून २०१६ च्या सार्वमतानंतर पौंड एका रात्रीत १.३३ च्या आसपास उतरला, त्या दराने तीच मदत ७.२ कोटींच्या आत येते. लंडनच्या फाईलवर एक पैसाही कमी झालेला नाही, आणि तिथल्या शिक्षकांच्या पगाराला भोक पडलंय. म्हणून मदत कुठल्या चलनात ठरली, दर कुठल्या तारखेचा आणि फरक कुणी सोसायचा, ही तीन वाक्यं मंजुरीपत्रात हवीत. सेंट हेलिनाला हा प्रश्न तसा नाही, पण तिथला माल केपटाऊनहून येतो, म्हणून दक्षिण आफ्रिकेचा रँड घसरला की किराणा थोडा स्वस्त होतो, आणि इंधन डॉलरमध्ये. तिथल्या महागाईचा अंदाज लंडनच्या महागाईवरून बांधू नये.

आकडेवारीबद्दल. ४,४०० वस्तीच्या बेटावरून वीस माणसं नोकरीसाठी बाहेर गेली की लोकसंख्या जवळजवळ अर्ध्या टक्क्याने घटते. दरडोई कुठलाही आकडा अशा पायावर डुगडुगतो. जीडीपी तर बांधकामाच्या वर्षांत फुगतो आणि ठेकेदार गेला की पडतो. त्यातून बेटावरच्या माणसाची परिस्थिती कळत नाही. त्याऐवजी हे बघा: महिन्यागणिक किती युनिट वीज विकली गेली, घरगुती आणि व्यावसायिक वेगळी. कस्टम्सच्या नोंदींतून सिमेंट, डिझेल आणि खाद्यपदार्थांची आयात, टनांत. पगारातून कापलेला आयकर आणि तो भरणाऱ्यांची संख्या. बँकेतल्या ठेवी. येणारे-जाणारे प्रवासी, परतीच्या तारखेसह. हे सगळं कुठल्याही बेटावर कुठल्या तरी खिडकीशी लिहिलं जातंच, नवा सर्व्हे लागत नाही. सहापैकी चार आकडे एका दिशेला चालले असतील तर त्यावर विश्वास ठेवा.

एक सापळा: क्षेत्रवार आकडे मागताना लक्षात ठेवा की अख्ख्या क्षेत्रात एकच कंपनी असू शकते. "मासळी प्रक्रिया, एकूण नफा" असा तक्ता छापला की एका मालकाचा हिशोब चव्हाट्यावर आला. तिथला सांख्यिकी अधिकारी असे आकडे द्यायला नकार देतो तेव्हा तो आडमुठेपणा करत नसतो. लेखी गोपनीयतेवर मागा आणि सबमिशनमध्ये दुसऱ्या क्षेत्राच्या आकड्यात मिळवून द्या, स्वतंत्र ओळ नको.

कंत्राटी

दुसऱ्या पर्यायाची बाजू कुणीतरी घ्यायला हवी. धक्क्यासारख्या कामाला बाहेरचा माणूस लागतोच. बंदराचा मालवाहतूक अंदाज करणारा अर्थतज्ज्ञ खात्यात बसून नसतो.

फसतं ते कार्यकक्षेत. "बेटाच्या अर्थव्यवस्थेवरील परिणामांचा अभ्यास" असं लिहिलंत तर १२० पानं येतील, त्यातली ८० इतिहास आणि भूगोल. असं विचारा: धक्का दुरुस्त केला नाही तर वर्षाला किती दिवस जहाज माल उतरवू शकणार नाही? त्या एका दिवसाची किंमत किती आणि ती कोण भरतो, जहाज कंपनी, व्यापारी की सबसिडीतून आपणच? पूर्ण दुरुस्ती, अर्धी दुरुस्ती आणि काहीच नाही, या तिन्हींत २० वर्षांचा देखभालीचा खर्च काय? असे पाच प्रश्न, प्रत्येकाचं उत्तर दोन पानांत, आणि मागे जोडपत्र.

काही कलमं नजरचुकीने राहतात आणि मग महाग पडतात. मॉडेल एक्सेलमध्ये, कुलूप न लावलेलं, सूत्रं शाबूत, आकडे कुठून घेतले त्याच्या पानासह, आणि मालकी तुमची. हे नसेल तर पुढच्या वर्षी मालभाडं बदललं की तेच मॉडेल पुन्हा विकत घ्यावं लागतं. पैसे टप्प्याने द्या: पद्धतीच्या टिपणावर २० टक्के, मसुद्यावर ४०, अंतिम अहवाल आणि चालतं मॉडेल दोन्ही आल्यावर ४०. पद्धतीच्या टिपणाला २० टक्के देणं वरिष्ठांना जड जातं. पण चुकीचं गृहीतक तिथेच पकडता येतं, मसुद्यात नाही. जागेवर जायची सक्ती करा आणि प्रवासाचे दिवस वेगळे मोजा. लांबच्या बेटावर जाण्यायेण्यात आणि हवामानात आठवडा जाऊ शकतो, तो विश्लेषणाच्या दिवसांतून कापला जाऊ नये.

हितसंबंध लेखी घ्या. ज्या कंपनीने व्यवहार्यता अहवाल लिहिला तिलाच मूल्यांकन देऊ नका, आणि बांधकाम निघालं तर देखरेखीचं कामही तिला मिळणार नाही हे आधीच सांगा. छोट्या बेटांवर काम करणारी मंडळी मोजकी असतात, तेच चेहरे फिरून येतात, त्यामुळे हा प्रश्न पुस्तकी नाही. एकट्या व्यक्तीला वर्षभर घेणार असाल तर आयआर-३५ च्या (कंत्राटदाराला करासाठी नोकर धरण्याच्या) नियमांत तो नोकर ठरतो का हे करार करण्यापूर्वी तपासा. ते ठरवणं खात्याची जबाबदारी असते, त्या माणसाची नाही.

पैसे कुठल्या खिशातून, हेही आधी ठरवा. इंटरनॅशनल डेव्हलपमेंट अॅक्ट २००२ च्या कलम २ मध्ये ओव्हरसीज टेरिटरींसाठी वेगळी मुभा आहे, त्यांना मदत करायला गरिबी निर्मूलनाची अट लागत नाही. पण तो खर्च अधिकृत विकास साहाय्यात मोजता येतो का, हा वेगळा प्रश्न, आणि त्याचं उत्तर ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या मदतपात्र प्रदेशांच्या यादीवर ठरतं. सेंट हेलिना आणि मॉन्टसेराट यादीत आहेत, अँग्विला २०१४ मध्ये बाहेर गेलं. बेटाच्या प्रकल्पासाठी नेमलेला सल्लागार कार्यक्रमाच्या पैशातून जाऊ शकतो. डेस्कला वाटाघाटीत मदत करणारा बहुतेक प्रशासकीय खर्चात धरला जातो, आणि तिथली थैली नेहमी रिकामी असते. म्हणून एकाच कंत्राटात दोन्ही कामं कोंबायचा मोह होतो. लेखापरीक्षक तिथेच बोट ठेवतात.

काठावरचा

खूप उपयोगी. दोन पुढचे प्रश्न.

धक्क्याच्या प्राथमिक केसमध्ये "प्रत्येक १०० पौंडांमागे बेटाच्या अर्थव्यवस्थेला २२० पौंड" असा दावा आहे. हा कसा तपासायचा?

आणि शेजारच्या डेस्ककडे जी टेरिटरी आहे ती मदत घेत नाही, स्वतः कर्ज काढते. त्यांनाही हीच व्यवस्था लागू होते का?

ताळेबंद

२२० बघून केस परत पाठवायला हरकत नाही. कागदावर करून बघा. बेटावर हातात आलेल्या प्रत्येक पौंडातले १० पेन्स करात जातात, उरलेल्याचे ८० टक्के खर्च होतात आणि त्या खर्चातला ६० टक्के माल बाहेरून आलेला असतो असं धरू. म्हणजे पुढच्या फेरीत बेटावर राहतात ०.९ × ०.८ × ०.४ = ०.२८८. गुणक (एक पौंड बेटावर फिरून एकूण किती पौंडांचा होतो तो आकडा) १ ÷ (१ − ०.२८८), म्हणजे १.४. आता बहुतेक केसेसमध्ये राहून जाणारी गोष्ट: पहिल्या फेरीतही गळती आहे. पोलाद, सिमेंट, क्रेन, ठेकेदाराचे कुशल कामगार सगळं बाहेरचं. १०० मधले ४०च बेटावर उतरले तर ४० × १.४ = ५६. दावा २२० चा, निघाले ५६. तुमच्या बेटाचे खरे आकडे कस्टम्सच्या नोंदींतून आणि घरगुती खर्चाच्या पाहणीतून भरा, उत्तर थोडं हलेल, पण २२० कडे जाणार नाही.

तसंही ट्रेझरीच्या (ब्रिटनच्या अर्थखात्याच्या) ग्रीन बुक या प्रकल्प-मूल्यांकनाच्या मार्गदर्शिकेच्या पद्धतीत गुणकावर केस उभी करणं बसत नाही. धक्का चालू राहिल्याने वाचलेले दिवस, टळलेली नासाडी, कमी झालेलं विम्याचं आणि मालभाड्याचं बिल, हे थेट फायदे मोजा आणि पहिली ३० वर्षं ३.५ टक्के वटावदराने (पुढच्या वर्षांचे पैसे आज किती मोलाचे ते काढायच्या दराने) आजच्या किमतीत आणा. मदतीच्या पैशातून होणाऱ्या प्रकल्पाला वेगळा दर लावायचा का, हे तुमच्या खात्याच्या मुख्य अर्थतज्ज्ञाला आधी विचारा. दर बदलला की दीर्घ मुदतीची केस उलटते.

अंदाज कुठे फसतात याचं सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण सेंट हेलिनाचा विमानतळ. सुमारे २८.५ कोटी पौंडांचा प्रकल्प, उद्घाटन मे २०१६ ला ठरलेलं. धावपट्टीच्या एका टोकाला वाऱ्याची दिशा आणि वेग अचानक बदलतो, म्हणून ते लांबलं. पहिलं नियमित व्यापारी विमान १४ ऑक्टोबर २०१७ ला उतरलं. सरकारी लेखापरीक्षण करणारं नॅशनल ऑडिट ऑफिस आणि संसदेची पब्लिक अकाउंट्स कमिटी या दोघांनीही २०१६ मध्ये यावर अहवाल दिले.

अर्थतज्ज्ञाच्या नजरेने बघा. १७ महिन्यांचा उशीर ३.५ टक्के दराने फायद्याचं आजचं मूल्य साधारण ५ टक्क्यांनी कमी करतो. हे परवडलं असतं. खरा मार दुहेरी खर्चाचा: विमानतळ सांभाळायचा आणि जुनं आरएमएस सेंट हेलिना जहाजही चालू ठेवायचं, ते फेब्रुवारी २०१८ पर्यंत चाललं. केसच्या संवेदनशीलता तक्त्यात (गृहीतक बदललं तर उत्तर किती हलतं त्याच्या तक्त्यात) "उशीर झाला तर" अशी ओळ असते, पण उशिरात जुनी सेवा चालवण्याचा खर्च त्या ओळीत क्वचित धरलेला असतो. तुमच्या धक्क्यालाही हेच लागू आहे. दुरुस्ती चालू असताना माल कुठून आणि कितीला उतरणार?

दुसरं, आसनांची मर्यादा. दीर्घकालीन अंदाज वर्षाला सुमारे ३०,००० पर्यटकांचा होता. सुरुवातीच्या सेवेत आठवड्याला एक उड्डाण आणि एका खेपेत ७६ प्रवाशांची मर्यादा. ७६ × ५२ म्हणजे चार हजारांच्या आत, आणि त्यातच बेटाचे रहिवासी, अधिकारी, ठेकेदार, रुग्ण. मागणीचा आलेख कितीही सुंदर असो, दारातून एका वेळी जितके जाऊ शकतात तितकेच येतात. वैमानिकी, हवामान आणि पर्यटनाचे अंदाज वेगवेगळ्या लोकांनी केले की ही साधी गुणाकाराची तपासणी कुणाच्याच वाट्याला येत नाही. सुरुवातीला म्हटलेला तिसरा माणूस, तपासणारा, याच कामासाठी.

गंगाजळी

शेजारच्या डेस्कबद्दल. नाही, तिथे व्यवस्था वेगळी लागते. मदत घेणाऱ्या टेरिटरीत तुम्ही दाता असता, कर्ज काढणाऱ्यात संमती देणारे. कॅरिबियनमधल्या टेरिटरींसाठी ब्रिटनशी ठरलेल्या कर्जमर्यादा प्रसिद्ध आहेत: निव्वळ कर्ज आवर्ती महसुलाच्या ८० टक्क्यांच्या आत, कर्जफेड आणि व्याज मिळून महसुलाच्या १० टक्क्यांच्या आत, आणि रोकड गंगाजळी आवर्ती खर्चाच्या किमान २५ टक्के, म्हणजे साधारण ९० दिवसांचा खर्च. केमनची राजकोषीय चौकट २०११ ची, ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्सचा वित्तीय व्यवस्थापनाचा प्रोटोकॉल २०१२ चा. नेमका मजकूर टेरिटरीगणिक बदलतो, तेव्हा ज्या त्या कागदावरूनच मोजा.

गुणोत्तर काढायला अर्थतज्ज्ञ लागत नाही, कॅल्क्युलेटर पुरतो. तो लागतो ते छेदात आणि अंशात काय घातलंय ते बघायला. जमीनविक्रीची एकदाच आलेली रक्कम आवर्ती महसुलात धरली का? सरकारी वीज कंपनीच्या कर्जाची हमी कुठे दिसते? विकासकाने बांधलेल्या आणि सरकारने तीस वर्षं भाडं भरायच्या इमारतीला कर्ज म्हणायचं की नाही? निवृत्तिवेतनाची तरतूद न केलेली देणी? गंगाजळीतला किती पैसा आधीच कुठल्या तरी कामासाठी राखलेला आहे? अँग्विलाचा अनुभव असा की धोका सरकारी कर्जाच्या तक्त्यात नव्हताच. ऑगस्ट २०१३ मध्ये ईस्टर्न कॅरिबियन सेंट्रल बँकेला तिथल्या दोन स्थानिक बँकांचा ताबा घ्यावा लागला, आणि ठेवीदारांचं ओझं शेवटी सरकारच्या ताळेबंदात आलं.

टर्क्स आणि केकॉस या टेरिटरीचा प्रकार त्याहून टोकाचा. ऑगस्ट २००९ मध्ये तिथलं मंत्रिमंडळ आणि विधानसभा निलंबित करून गव्हर्नरकडे कारभार गेला, ब्रिटनने कर्जाला हमी दिली आणि नोव्हेंबर २०१२ च्या निवडणुकीपर्यंत तीच व्यवस्था चालली. अशा वेळी सल्लागार पुरत नाही. खर्चाच्या आदेशावर सही रोखण्याचा अधिकार असलेला मुख्य वित्त अधिकारी लागतो. सल्ला आणि अधिकार यातली सीमा त्या नेमणुकीच्या पत्रात स्पष्ट लिहा, कारण "सल्लागार" म्हणून पाठवलेल्या माणसाला स्थानिक अधिकारी नम्रपणे चहा पाजतात आणि काम आपल्या पद्धतीनेच करतात.

कॅरिबियन टेरिटरींना बार्बाडोसमधल्या कारटॅकचाही उपयोग करून घेता येतो. आयएमएफचं हे प्रादेशिक तांत्रिक साहाय्य केंद्र आहे. करप्रशासन, रोख व्यवस्थापन, राष्ट्रीय लेखांकन यात ते चांगलं काम करतात. पण ते बेट सरकारच्या विनंतीवर येतात आणि त्यांचा अहवालही बेट सरकारचा असतो. लंडनच्या डेस्कने तो आपला सल्ला म्हणून वापरू नये, फार तर परवानगीने वाचावा.

कंत्राटी

@गंगाजळी, पेन्शनचा मुद्दा मदत घेणाऱ्या टेरिटरींनाही लागू आहे. तिथे ते ओझं थेट मदतीच्या मागणीत उतरतं, दहा वर्षांनी. सल्लागाराकडून पंधरा वर्षांचा वयोगटवार साधा तक्ता करून घ्या, तरुण बाहेर जाणाऱ्या बेटावर तो एक तक्ता बरंच काही सांगतो.

तपासणाऱ्याबद्दल: ब्रिटनच्या अॅक्वा बुकमध्ये (सरकारी विश्लेषणाच्या दर्जाच्या मार्गदर्शिकेत) मागवणारा, विश्लेषण करणारा आणि खात्री करणारा अशा भूमिका वेगळ्या सांगितल्यात. खात्री करणाऱ्याला फार दिवस लागत नाहीत. धक्क्यासारख्या केसला दोन दिवस, तेही गृहीतकांची नोंदवही आधीपासून ठेवली असेल तर. नोंदवही म्हणजे एक पत्रक: गृहीतक, आकडा, कुठून घेतला, किती खात्रीचा, चुकला तर उत्तर कितीने हलतं, शेवटचा बदल कुणी आणि कधी केला. शेवटचा रकाना लोक टाळतात, आणि भांडण नेमकं त्याच्यावरून होतं.

काठावरचा

वरून उत्तर आलं: ०.३ मिळणार नाही, ०.२ वर भागवा. ४४ दिवसांत काय सोडू? मिशनचा प्रवास वाचवावा असा एक सूर आहे, व्हिडिओवर बोलता येईल म्हणतात.

ताळेबंद

प्रवास सोडू नका. रिकाम्या पदांची यादी, गोदामातला साठा, न भरलेली बिलं या गोष्टी व्हिडिओवर दिसत नाहीत. शिवाय बेटावरच्या अधिकाऱ्यांशी एकदा समोरासमोर बसलेल्या माणसाच्या ईमेलला उत्तर लवकर येतं.

धक्क्याची केस कंत्राटी म्हणतात तशी बाहेर द्या. तुमच्या माणसाचे ६ दिवस वाचतील, पण कार्यकक्षा लिहायला आणि मसुदा वाचायला २ ठेवा. ४५ मधून ६ गेले, २ आले, म्हणजे ४१. उरलेले ३ दिवस तातडीच्या कामासाठी, आणि ते डेस्कप्रमुखाच्या लेखी सांगण्यावरूनच खर्च होतील असं ठरवा, नाहीतर ऑक्टोबरातच संपतात. खात्री करणारा दुसऱ्या विभागाचा घ्या, त्याचे दोन दिवस तुमच्या ४४ मध्ये येत नाहीत.

सबसिडीच्या केसमध्ये दिवस वाचवायचे असतील तर नवं मॉडेल करू नका. मागच्या करारातला मालभाड्याचा तक्ता, जहाजाच्या प्रत्यक्ष फेऱ्या आणि प्रत्येक फेरीत रिकामी गेलेली जागा एवढं जहाज कंपनीकडून आताच मागवा. ही माहिती द्यायची अट सध्याच्या करारात असेल तर तिचा क्रमांक पत्रात घाला. अट नसेल तर नव्या करारात पहिली तीच टाका, आणि या वर्षी बंदरातल्या नोंदींवरून कंटेनर मोजून काम चालवा.